कोल्हापुरात कारखान्यांना कुशल माणूस मिळत नाही आणि आयटीआयची पोरं पुण्याला जातात, नवीन कौशल्य केंद्रांनी हे सुटेल का?

तुमचा भाऊ टर्नर (लेथवर धातू कातणारा) होऊन पुण्याला निघालाय आणि इथले कारखानदार माणूस नाही म्हणून रडतात, हे एकाच वेळी कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं कोल्हापूरजवळ शिरोलीत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचं मशीनशॉप आहे, म्हणजे मी त्या रडणाऱ्यांतलाच. तरी सांगतो, हा तुटवडा आम्हीच केलाय. आम्ही शिकवत नाही, आणि शिकलेल्याला पगार द्यायची वेळ आली की हात आखडतो.

आधी मी आणि थोरला भाऊ एकत्र होतो. 2014 ला पन्हाळा तालुक्यातला एक पोरगा आमच्याकडे आला. आयटीआयची दोन वर्षं करून साध्या लेथवर त्याचा हात बसलेला, पण सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, फक्त लांबून बघितलेलं. 7,500 वर ऑपरेटर म्हणून ठेवला. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच काम. हा मात्र शिफ्ट सुटली तरी थांबायचा. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) का तुटला, ऑफसेट (टूलच्या जागेची कंट्रोलमध्ये टाकायची दुरुस्ती) किती दिला, विचारून वहीत लिहून ठेवायचा. मग मी त्याला सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं, शिकवायला घेतलं. सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूल टच करून ऑफसेट घेणं, पहिला पीस मायक्रोमीटरनं तपासून वीस मायक्रॉनच्या, म्हणजे 0.02 मिलिमीटरच्या आत आणणं. दादा रोज म्हणायचा, "शिकवतोयस खरं, उद्या उडून जाईल." नऊ महिन्यांत गडी एकट्यानं सेटिंग करायला लागला.

त्यानं 12,000 मागितले. दादा म्हणाला, "तुला शिकवलं कुणी?" महिन्याभरात तो पुण्याजवळच्या चाकणला गेला. 14,000 पगार, बस, कँटीन. जाताना माझ्या पाया पडला आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. दादानं त्या दिवसापासून नियम केला, सेटिंग कुणालाही शिकवायचं नाही. शॉपमध्ये एकच सेटर, कंट्रोलची किल्ली त्याच्याच खिशात.

2018 च्या चैत्रात तो सेटर जोतिबाच्या यात्रेला गेला. तातडीचा लॉट होता म्हणून किल्ली सुपरवायझरकडे ठेवून गेला. रात्रपाळीत इन्सर्ट बदलला, ऑपरेटरनं ऑफसेट उलट्या चिन्हानं टाकला आणि टरेट (टूल धरणारा फिरता भाग) जॉब पकडणाऱ्या चकवर आदळला. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचं बिल 1,80,000. मशीन 11 दिवस उभं, वर गिऱ्हाइकाचे फोन. त्या पोराला वाढवून द्यायचे होते महिन्याला 4,500. तीन वर्षांचे 1,62,000 होतात. हा हिशेब मी कागदावर मांडून दादापुढे ठेवला. तो म्हणाला, नशीब. पुढच्या वर्षी आम्ही वेगळे झालो.

2020 च्या मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या, बिहार-यूपीची माणसं गावी गेली आणि फौंड्रीत साचे करायला (मोल्डिंग) आणि ओतीव मालावरचा जादा धातू काढायला (फेटलिंग) माणूस उरला नाही. तेव्हा बैठकांतून एकच ऐकलं, स्थानिक पोरांना कष्ट नकोत. हे मला अजिबात मान्य नाही. इथलीच पोरं चाकणला बारा-बारा तास उभी राहतात.

आता कौशल्य केंद्रांचं. चालू मशीन आणि शिकवणारा माणूस असेल तर काढा, नाहीतर नुसता दाखला मिळतो. सरकारच्या 2024 च्या कार्यप्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना 8,000 सरकारच द्यायचं. माझ्या शेजारच्या शॉपमध्ये अशी तीन पोरं आली. सहा महिने नुसती बर, म्हणजे कातलेल्या मालाच्या कडेचे कंगोरे, काढत बसली. अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) कायद्यानं 30 आणि त्यावर माणसं असलेल्यांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. माझ्याकडे 11 माणसं, मला सक्ती नाही, तरी घेतो. आतापर्यंत तीन घेतले, दोन गेले. राहिलेला आता पुढच्याला शिकवतो.

आपलं राज्य सरकार जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गला माणसं पाठवायचा करार करून बसलंय. तिथं पोरगं आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत, असं तीन-साडेतीन वर्षं शिकतं. शिकलेलं पोरगं तिथंही सोडून जातंच. पण शेजारचा कारखानाही शिकवत असतो, त्यामुळे एक गेला तर तयार झालेला दुसरा मिळतो. दादा, आपण शिकवायचं आणि दुसऱ्यानं न्यायचं, हे तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं होतं. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे सगळेच तुझ्यासारखं म्हणाले, म्हणून आज कुणाकडेच सेटर नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या मालकांना पगार वाढवणं जमत नाही, हेही खरं. पीसचा दर मोठं गिऱ्हाईक ठरवतं, बिल नव्वद दिवसांनी निघतं, आणि चार मशीनवाल्याला बँकेचा हप्ता चुकत नाही. माझेही दोन महिने असे गेलेत की पगार उसनवारीवर केले.

तुमच्या भावाला जाऊ दे. फक्त जिथं जाईल तिथं पहिल्याच दिवशी विचारू दे, सेटर कोण आहे आणि मला सेटिंगला कधी उभं करणार. चाकणला काय आणि शिरोलीत काय, किती महिन्यांनी की वर्षांनी, हा आकडा मालकाला सांगता आला नाही तर तिथं राहू नये.