गुंबा: शिवी की सोयरीक?

प्रश्न विचारणारे गृहस्थ तबलजी आहेत. गणपतीच्या दिवसांत नाट्यसंगीताच्या ग्रुपबरोबर अमेरिकेचा दौरा करून आले. न्यू जर्सीत एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. तिथलं स्टेज सांभाळणारा सत्तरीचा इटालियन-अमेरिकन म्हातारा यांच्या हातातली डग्ग्याची बॅग ओढून घेत म्हणाला, 'दे इकडे, गुंबा.' कार्यक्रम संपल्यावर त्याने यांना ओळखीच्या दुकानात सँडविच खायला नेलं, तिथे 'गबगूल' आणि 'मुत्झदेल' असे दोन शब्द कानावर पडले. परत येताना गाडी चालवणारा मंडळाचा पोरगा म्हणाला, काका, गुंबा म्हणजे माफियातला गुंड, तुमचा अपमान केला त्याने. आता यांचा प्रश्न असा की खरंच शिवी दिली का, आणि ते गबगूल इटालियन डिक्शनरीत का सापडत नाही.

शिवी नाही हो. तो तुम्हाला 'भाई' म्हणाला. आणि भाई या शब्दाचं मुंबईत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. टपरीवर 'काय भाई, कसं काय' म्हणतो तो भाई वेगळा आणि 'भाईचा फोन आलाय' म्हटल्यावर पोटात गोळा येतो तो भाई वेगळा. गुंबाचं डिट्टो तेच झालंय. त्या पोराला दुसरा भाई माहीत होता, म्हाताऱ्याच्या तोंडात पहिला होता.

आता मूळ बघू, कारण मजा तिथे आहे. इटालियनमध्ये शब्द आहे 'कोंपारे', लॅटिन 'कोंपातेर' वरून आलेला, कों म्हणजे सह आणि पातेर म्हणजे बाप, थोडक्यात सह-बाप. पोराचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याला एक धर्मपिता असतो, तर तो धर्मपिता आणि पोराचा खरा बाप हे एकमेकांचे कोंपारे. नीट बघा, हे नातं पोराशी नाहीये, पोरामुळे जोडल्या गेलेल्या दोन मोठ्या माणसांचं आहे. इंग्रजीत असल्या नात्यांना नीट शब्दच नाही पण आपल्याला लगेच कळतं कारण आपल्याकडे 'व्याही' आहे. दोन बाप पोरांमुळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. फरक एवढाच की व्याही लग्नामुळे होतात आणि कोंपारे बारशामुळे म्हणा हवं तर. (लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहतो त्यालाही इटलीत कोंपारेच म्हणतात, म्हणजे तिथेही शब्द मांडवापर्यंत पोचलाच.) मग तोच शब्द घट्ट मित्राला, गाववाल्याला, कोणालाही प्रेमाने वापरायला लागले.

आणि हा शब्द आपल्याकडेसुद्धा आहे बरं का, थेट वसईत! सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला 'कुपारी' म्हणवतो, आणि त्याची व्युत्पत्ती पोर्तुगीज 'कोंपाद्रे' वरून सांगतात, म्हणजे त्याच लॅटिन सह-बापावरून. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, त्या काळात हा शब्द मुरला. म्हणजे न्यू जर्सीतला गुंबा आणि वसईतला कुपारी हे एकमेकांचे चुलतभाऊ. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा दोन दिवस दिसेल त्याला सांगत सुटलो होतो, घरचे वैतागले.

कोंपारेचा गुंबा कसा झाला? अमेरिकेत जे इटालियन गेले ते मोठ्या लाटेत १८८० ते १९२४ च्या दरम्यान, नंतर १९२४ च्या कायद्याने कोटा लावून दार जवळजवळ बंदच केलं. त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, नेपल्स, कालाब्रिया, सिसिली. इटली हा देश एक झाला १८६१ साली, त्यामुळे आज क्लासमध्ये शिकवतात ती इटालियन या लोकांच्या घरात नव्हतीच, बोली होत्या. नेपल्सकडे कोंपारेचं होतं 'कुंपारे', आणि हाक मारताना शेपूट तोडून नुसतं 'कुंपा'. तिकडे सगळ्याच हाका अशा तोडतात, दोत्तोरेला 'दोत्तो' आणि मारियाला 'मारी'. दुसरं म्हणजे अनुनासिकाच्या मागून आलेला कठोर वर्ण मऊ होतो, म्हणून म नंतरच्या प चा ब. यात अजब काही नाही, संस्कृत पंच आणि दंत घ्या, मराठीत पाच आणि दात राहिले पण पंजाबीत 'पंज' आणि 'दंद' झाले. क चाही ग करून टाका की झालं गुंबा.

याचं स्त्रीलिंग 'कोमारे', त्याचं अमेरिकेत 'गुमार' किंवा 'गुमा' झालं आणि अर्थ काय, तर ठेवलेली बाई! सह-आईची रखेल झाली. नायक म्हणजे पुढारी आणि नायकीण म्हणजे काय ते आठवा, शब्दांच्या जगातही घसरायची पाळी आधी बाईवरच येते. आणि इंग्रजी 'गॉसिप' पण मुळात धर्मनात्याचाच शब्द आहे, धर्माचा सोयरा, तो घसरत घसरत कुचाळक्यांवर आला.

तुम्ही स्वतः फिरते कलाकार म्हणून एका माणसाबद्दल सांगायलाच पाहिजे. एदुआर्दो मिल्याच्चो, रंगमंचावरचं नाव फार्फारिएल्लो. एकोणिसावं शतक संपता संपता नेपल्सच्या बाजूने न्यूयॉर्कला आला आणि मलबेरी स्ट्रीटवरच्या एका बँकेत कामाला लागला. काम काय, तर लिहिता न येणाऱ्या मजुरांची घरी पाठवायची पत्रं लिहून द्यायची. समोर माणूस बसून बोलतोय, आई, इथे मला 'जोब्बा' मिळाला, 'बोस्सो' वाईट आहे, मी 'ब्रोक्कोलिनो'त राहतो, आणि हा लिहितोय. जोब्बा म्हणजे जॉब, बोस्सो म्हणजे बॉस, आणि ब्रोक्कोलिनो म्हणजे ब्रुकलिन, ऐकायला मात्र छोटी ब्रोकोली. संडासाला 'बाक्काउसा', कारण तो घराच्या मागे असायचा, बॅक हाउस! ही भाषा याने उचलली आणि सोंगं काढायला लागला. मजूर, बँडवाला, मंडळाचा अध्यक्ष, दूध पाजणारी दाई, सगळी एकटाच करायचा, विग नि मुखवटे स्वतः बनवायचा, म्हणजे आपला बहुरूपीच म्हणा ना. न्यूयॉर्कपासून पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जिथे जिथे इटालियन वस्ती तिथे तिथे त्याने हे प्रयोग केले. प्रेक्षक स्वतःचीच भाषा ऐकून हसायचे. १९४६ साली तो वारला.

त्याच्या सोंगांना म्हणायचे 'माक्किएत्ता कोलोनियाले' आणि इथे भले भले फसतात. माक्किएत्ता म्हणजे छोटासा डाग, ठिपका, त्यावरून झटपट काढलेलं चित्र. आणि कोलोनियाले वाचून लोक साम्राज्यवादी वगैरे काहीतरी भाषांतर करतात. अहो, हे लोक आपल्या अमेरिकेतल्या वस्तीला 'कोलोनिया' म्हणायचे! आपण पोलीस कॉलनी, रेल्वे कॉलनी म्हणतो तसं. 'वसाहतवादी व्यंगचित्र' नाही, 'कॉलनीतली सोंगं'.

डिक्शनरीत गबगूल न सापडण्याचं कारणही आता तुमच्या लक्षात आलं असेल. शब्द 'कापिकोल्लो' नावाने शोधा. दोन स्वरांमधले क आणि प मऊ पडले, शेवटचा स्वर गळला, गबगूल. मुत्झदेल म्हणजे आपलं पिझ्झावरचं मोझरेला, त्यातला हलका र अमेरिकन कानाला ड, द सारखा लागतो. अमेरिकन माणूस 'वॉटर' म्हणतो तेव्हा मधला ट आपल्याला कसा र आणि ड च्या मध्ये ऐकू येतो, तसंच उलट. शंभर वर्षांपूर्वीचा नेपल्सचा उच्चार तिथे अडकून बसलाय, आजच्या रोममधल्या पोराला तो कळेलच असं नाही. तंजावरच्या मराठी माणसाचं बोलणं ऐकून आपण जसे थबकतो तसं.

बाकी एक काळजी घ्या. त्याने तुम्हाला गुंबा म्हटलं हा त्याचा मोठेपणा, तुम्ही उलट भलत्याच इटालियन माणसाला गुंबा म्हणू नका. बाहेरच्याने म्हटलं की तो शब्द बोचतो. भैया म्हणजे भाऊच की, पण मुंबईत कोण कोणाला कुठल्या आवाजात म्हणतंय त्यावर सगळं आहे. त्या म्हाताऱ्याने तुमचा डग्गा उचलला होता, तेवढा पुरावा मला पुरे.

आणि तुम्ही पत्रात लिहिलंय की तुम्ही शाकाहारी आहात आणि सँडविच नेमकं कशाचं होतं ते आठवत नाही. तर कापिकोल्लो म्हणजे डोकं आणि मान, डुकराच्या मानेचं खारवलेलं मांस असतं ते. मुत्झदेलचंच होतं असं धरून चाला.