योगामुळे झाले का?

गरोदरपणात योग करावा की नाही, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा दोन टोकांनी येतो. घरातली मोठी माणसे म्हणतात, वाकू नको, वळू नको, बाळाला नाळ गुंडाळेल. मोबाइल म्हणतो, अमुक आसन रोज केले की सिझर टळते. इथे जिची हकिकत सांगत आहे, ती या दोहोंच्या मध्ये सापडली होती. तिची ओळख पटू नये, म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले, माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडकडचे, शिक्षण बारावीपर्यंत आणि सगळे मराठीतून. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत पाळीने कामाला जाणारा. पहिलेच बाळंतपण आणि सहावा महिना चालू. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मलासन करून उठल्यावर तिला अंगावरून लाल डाग गेल्याचे दिसले. दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतले, रक्त थांबले, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. तरीही त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. माझ्यासमोर बसून तिने एकच प्रश्न तीनदा विचारला, "मॅडम, मी योग केला म्हणूनच झालं न्हवं हे?"

उत्तर देण्याची घाई मी केली नाही. अशा वेळी "तसे काही नसते" म्हणून पाठीवर हात फिरवला, तर समोरची मान हलवते आणि मनातला अपराध तसाच घेऊन घरी जाते. मी तिला ती सकाळ तासातासाने सांगायला लावली. पहाटे उठली, चूल पेटवली, बोअरवरून दोन घागरी पाणी आणले, अंगण झाडले, मग दार लावून वीस मिनिटे मोबाइलसमोर आसने केली. डागासाठी घरात चौकशी झाली ती फक्त त्या वीस मिनिटांची. घागरींचा हिशेब कोणी धरला नव्हता, तिनेही नाही. (घागरींमुळे झाले, असेही मी म्हणाले नाही. अपराध एका माणसाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे समुपदेशन नव्हे.)

मग तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद टेबलावर मांडले. सोनोग्राफीचा अहवाल इंग्रजीत होता आणि त्यात विसाव्या आठवड्याला वार (गर्भाशयाला चिकटलेली, नाळेतून बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ असल्याची नोंद होती. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणारे 'तायी कार्ड' कन्नडमध्ये होते. ती आणि तिच्या जावा त्याला 'ताई कार्ड' म्हणत, आणि आशाताई आणून देतात म्हणून ते नाव पडले असावे, असा तिचा समज होता. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, हे ऐकून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. दवाखान्यात तिच्याशी जे बोलले गेले ते अर्धे कन्नड, अर्धे हिंदी, आणि मागे रांग उभी. वार खाली आहे, जड उचलू नये, डाग दिसला तर लगेच यावे, हे सगळे तिला सांगितले गेले असेलही. तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. तिच्याशी तिच्या भाषेत, सावकाश आणि नाव घेतल्यासारखे बोलणारा एकटा मोबाइल होता, म्हणून तिने मोबाइलचे ऐकले. यात मला तिचा मूर्खपणा दिसत नाही.

त्या व्हिडिओतल्या बाई चुकीचे सांगत होत्या असेही नाही. मलासन म्हणजे उकिडवे बसणे, आणि आपल्याकडे भांडी घासताना, केर काढताना बायका जन्मभर तसेच बसत आल्या आहेत. वार वर असलेल्या, कसलाही त्रास नसलेल्या बाईला ते आधार घेऊन करता येते. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा दिवस भरण्याआधीच कळा येण्याची भीती असेल, तर मात्र ते टाळायचे असते, आणि समोर नेमके कोणाचे पोट आहे हे व्हिडिओला दिसत नाही. तिला मी एवढेच सांगितले की वार खाली असताना काहीही न करतासुद्धा, झोपेतसुद्धा रक्त जाऊ शकते. त्या सकाळचे कारण ठामपणे कोणीच सांगू शकणार नाही, आणि जे ठामपणे सांगता येत नाही त्याची शिक्षा ती रोज रात्री भोगत होती.

दुसऱ्या भेटीला मी नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावले. सासूबाई तयारीनेच आल्या होत्या. "दार लावून मोबाईल बघून काय करायलीस म्हणून विचारलं तर बोलत नाही ही. आम्ही नववा लागला तरी चिखलात उभं राहून भात लावत हुतो." त्यांचा राग आसनांवर नव्हता, बंद दारावर होता, हे लक्षात आल्यावर पुढचे सोपे झाले. नवरा शाळेत आणि कारखान्यात कन्नड शिकलेला होता, पण तपासणीला बायकोबरोबर आत जाणे हे बायकांचे काम, म्हणून तो बाहेर गाडीपाशी थांबत असे. मी त्याला कार्डातले धोक्याच्या लक्षणांचे पान मोठ्याने वाचायला सांगितले. पहिलाच शब्द त्याने वाचला, "रक्तस्राव", आणि ती दचकून म्हणाली, "हा तर आपलाच शब्द." लिपी तेवढी वेगळी होती.

तिथून एक वही सुरू झाली. विचारायचे प्रश्न ती मराठीत लिही आणि तपासणीच्या वेळी नवरा आत जाऊन ते कन्नडमध्ये विचारी. २०१६ पासून केंद्र सरकारच्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी पाळी बदलून घ्यायची, असे त्याने स्वतःच ठरवले. सासूबाईंनी घागरी बंद केल्या. आसनेही तूर्त बंद झाली. डॉक्टरांना विचारून कुशीवर पडणे, सावकाश दीर्घ श्वास आणि भ्रामरी एवढेच राहिले, आणि तेही उघड्या दाराच्या सोप्यात. भ्रामरीचा गुंजारव सासूबाईंना आवडला; त्या शेजारी तांदूळ निवडत बसत.

गर्भाशय वाढते तशी बहुतेक जणींची वार वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिचीही सरकलेली दिसली आणि डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला हरकत नाही असे सांगितले. मग मार्जारासन, बद्धकोनासन आणि भिंतीला टेकून ताडासन सुरू झाले. हरकत नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये म्हटले आहे. मध्यम म्हणजे हालचाल करताना बोलता यावे, धाप लागू नये. श्वास कोंडून धरणे, कपालभाती, भस्त्रिका, पोटावर झोपून करायची आसने आणि पोट पिळणारे वळसे नकोत. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणे पडून राहू नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते. या दिवसांत सांधे सैल झालेले असतात, त्यामुळे शरीर जास्त वाकते म्हणून जास्त वाकवायचे नसते. रक्त किंवा पाणी जाणे, चक्कर, जोराची डोकेदुखी, छातीत दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर आसन तिथेच सोडून दवाखाना गाठायचा.

बाळंतपण बेळगावात झाले आणि सिझर झाले, कारण कळा सुरू असताना बाळाचे ठोके उतरू लागले. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "एवढं करूनही सिझरच झालं की." तिच्या आवाजात पुन्हा तोच हिशेब होता. योगाने मन शांत राहायला मदत होते, कंबर दुखणे कमी होऊ शकते. बाळंतपण कसे होईल याची हमी तो देत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यांनी या भागातल्या किती मुलींना सिझरच्या टाक्यांबरोबर नापास झाल्याची भावनाही दिली आहे, ते मी रोज पाहते.

सहाव्या आठवड्याला ती आली तेव्हा, बाळंतिणीच्या उदासीचा अंदाज घेण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली मी तिला तोंडी, मराठीत विचारली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, असे त्यातले प्रश्न असतात. दोष देण्याच्या प्रश्नावर ती थांबली आणि म्हणाली, "पहिल्यासारखं नाही." स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचे उत्तर स्पष्ट नाही असे होते. झोप मात्र फारच कमी होती, म्हणून रात्री दहाचे पाजणे झाले की दोनपर्यंत बाळ सासूबाईंकडे, असे ठरले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी वहीच्या मुखपृष्ठावर लिहून दिला. त्यावर मराठीतही बोलता येते.

निघताना तिने विचारले, मार्जारासन पुन्हा कधीपासून करू? सध्या चालणे आणि श्वास पुरे, टाके पाहून डॉक्टर सांगतील, असे मी म्हणाले. तिने वही उघडून दाखवली. प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर आधीच लिहिलेला होता आणि समोर नवऱ्याच्या अक्षरात त्याचे कन्नड.