फरशीखाली ऊब घालावी का?

प्रश्न : काका, ग्वाल्हेरला दीनदयाळनगरात आमचं नवं घर होत आलंय. मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या हट्टापायी एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) आठ इंची भिंती केल्या, स्लॅबवर एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) दोन इंची शीट टाकल्या, खिडक्यांना दुहेरी काच लावली. आता तो म्हणतो, फरशीखाली पाइप घाला, हीट पंप लावून गरम पाणी फिरवा. ह्यांचं म्हणणं, तेलाचे दोन हीटर आणले की झालं. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, गुडघे धरतात, त्यांना त्यांची सिगडीच हवी. मिस्त्री खोळंबलाय, दिवाळीआधी फरशी बसवायची आहे. कोणाचं ऐकू?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, मिस्त्रीला सांगा, घाल बाबा फरशी. खाली पाइप नकोत.

चिरंजीवांचा सल्ला त्यांच्या गावापुरता बरोबर आहे. तिथं ऑक्टोबरला घर तापवायला घेतात ते एप्रिलपर्यंत. फरशीखालचा जाड थर तापायला काही तास घेतो आणि निवायलाही तितकेच. सतत तापवायचं असेल तर ही गोष्ट सोयीची. आपल्याकडे खरी थंडी संक्रांतीच्या पुढेमागे सहा-आठ आठवडे. पहाटे पारा चार-पाचावर आणि दुपारी दोनला गच्चीत बसलं की स्वेटर काढावासा वाटतो. रात्रीसाठी तापवलेली फरशी भर दुपारी उगाच ऊब देत बसणार. कोहऱ्याचे, म्हणजे दाट धुक्याचे, दिवस तेवढे वेगळे, सूर्यच दिसत नाही. पण त्या मोजक्या दिवसांसाठी अख्ख्या घरात पाइप? शिवाय मे महिन्यात ४५ अंश असतात, तेव्हा त्याच पाइपांतून गार पाणी सोडू म्हणाल, तर श्रावणात फरशीला घाम फुटेल. आणि पाइप कुठं गळला तर फरशी उखडून तो दुरुस्त करणारा माणूस आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मला तरी माहीत नाही. चाळीस वर्षं या धंद्यात गेली.

आता यजमानांचे तेलाचे हीटर. यात मी स्वतः फसलोय. आमच्या वाड्याला दोन फुटी दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे दगडी फरश्यांचं, छत. थंडी उशिरा शिरते, पण एकदा शिरली की फेब्रुवारी सरेपर्यंत हलत नाही. दुकानदार म्हणाला, ‘बाबूजी, ये बिजली कम खाता है,’ आणि आयुष्यभर कॉम्प्रेसर उघडलेला मी दोन नग घेऊन घरी आलो! बिल आल्यावर हिनं ते न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. लाल तारेचा हीटर असो, ब्लोअर असो की तेलाचा, एक युनिट वीज घातली की एक युनिटच उष्णता मिळते. तेलाचा हीटर डोळ्यांना सोसतो, आवाज करत नाही, बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो, एवढंच.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. आणि त्यासाठी फरशी उकरावी लागत नाही. बाजारात ज्याला ‘हॉट अँड कोल्ड’ एसी म्हणतात, तो हाच.

तुमच्या घराचा हिशेब मांडतो. सासूबाईंची खोली १२ बाय १४ फूट, दोन भिंती बाहेरच्या, वर छत, असं धरू. बाहेर ५ अंश असताना आत २० ठेवायचे तर तुमच्या भिंती, शीट आणि काचा धरून सहाशे वॉटच्या आसपास उष्णता पुरेल. हीच खोली नऊ इंची विटांची, उघड्या स्लॅबची असती तर त्याच्या तिप्पट लागली असती. म्हणजे मुलानं तुमचं काम आधीच केलंय, उरलंय ते किरकोळ. रात्रीचे आठ तास तेलाचा हीटर लावलात तर पाचेक युनिटं, एसी लावलात तर दोन. आणि मे महिन्यात तोच एसी गारवा देईल.

दोन खोल्यांना एकेक टनाचे ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी घ्या. दीड टन गळ्यात मारतील, घेऊ नका. ‘इन्व्हर्टर’ लिहिलंय म्हणजे गरम करतो असं नाही, बहुतेक एसी फक्त गार करणारे असतात. बाहेर किती अंशांपर्यंत गरम करतो, ते कागदावर पाहूनच पैसे द्या. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटातून ठिबकतं, तेव्हा तिथं नळी काढून ठेवा. शेजाऱ्यांच्या जिन्यावर ठिबकलं तर संक्रांतीचा तिळगूळही गोड लागायचा नाही. कोहऱ्यात त्या युनिटावर बर्फ धरतो, मग मशीन मध्येच काही मिनिटं वारा थांबवून तो वितळवतं. बिघडलं समजून मेकॅनिकला बोलावू नका. गरम हवा वर जाते, म्हणून झडपा खाली वळवून ठेवा, नाहीतर ऊब पंख्याला आणि थंडी सासूबाईंच्या गुडघ्यांना.

सिगडीबद्दल मात्र मी हटून बसणार. तुमचं घर हवाबंद केलंय. जुन्या वाड्यात दाराखालून वारा यायचा, म्हणून आपल्या आज्या निभावल्या. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, झोपलेला माणूस उठत नाही. बाथरूममध्ये गॅस गीझरही त्याच कारणानं नको. सासूबाईंना पलंगावर गरम पाण्याची पिशवी द्या. आंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर हीटर बसवा, त्याचा उतार चाळीस अंशांचा ठेवायला सांगा, कारण डिसेंबरात इथला सूर्य दुपारी बारालाही चाळीस अंशांवरच असतो. कोहऱ्याच्या दिवसांसाठी टाकीत विजेचा एलिमेंट हवाच.

सिगडी अंगणात चालेल. दुपारी तिच्यावर शेंगा भाजा, सासूबाईंना जवळ बसवा.

प्रश्न : उन्हाळ्यासाठी गच्चीला पांढरा रंग दिलाय. हिवाळ्यात घर जास्त गारठेल का?
— एक वाचक, मुरार

उत्तर : थोडं गारठेल. पण हिवाळ्यात ऊन तिरपं, गच्चीवर बेताचंच पडतं. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सौदा फायद्याचा आहे. हिवाळ्याचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत घ्या, तिथले पडदे सकाळी नऊलाच सरकवा. आणि रंग दरवर्षी पावसाळ्यानंतर धुवा, काळा पडला की निम्मं काम सोडतो.