किट घालूनही लागण कशी झाली?

प्रश्न : ताई, माझी धाकटी बहीण तालुक्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. २०२० मध्ये पूर्ण पीपीई किट (गाऊन, ग्लव्हज, गॉगल, मास्क) घालून ड्युटी करायची तरी तिला आणि वॉर्डातल्या दोन मावशींना कोरोना झालाच. मग किटचा उपयोग काय? पुन्हा अशी साथ आली तर तिने काय सांभाळायचं?

उत्तर : दादा, किट वाया गेलं असं नका समजू. पण घालताना नाही, काढताना खरा धोका असतो. सहा-आठ तास घामाने भिजलेलं, पाणी नाही, बाथरूम नाही, ड्युटी संपली की कधी एकदा हे अंगावरून उतरवते असं होतं आणि त्या घाईत तोच हात नाकातोंडाला लागतो. बहिणीला सांगा, आधी ग्लव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग गॉगल मागच्या पट्टीला धरून, आणि एन९५ मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर येऊन, पुढून हात न लावता. प्रत्येक टप्प्याला सॅनिटायझर. समोर बघायला एक सहकारी उभी असली की चूक लगेच कळते.

आणि एन९५ बारीक कण ९५ टक्के अडवतो खरा, पण कडेने हवा शिरत नसेल तरच. मास्क सैल असला, किंवा ब्रदरने (पुरुष नर्सने) दाढी ठेवली असली, की संपलं.

दुसरी जागा म्हणजे चहाची खोली. वॉर्डात एवढं जपायचं आणि मग पाच जणी खिडकी बंद करून, मास्क काढून, एकत्र डबा खायच्या, हे मी स्वतः पाहिलंय. विषाणू हवेतून जातो, पेशंटचाच असेल असं नाही ना! खिडक्या उघड्या ठेवा, पाळीपाळीने जेवा.

मावशींचं मात्र मला फार लागतं. बेडपॅन, चादरी, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या, सगळं त्या करणार, आणि ट्रेनिंग कुणाला तर डॉक्टर-सिस्टरला. १६ जानेवारी २०२१ ला लस आली तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली एका सफाई कर्मचाऱ्याला दिली होती, तसंच मास्क आणि शिकवण्याच्या बाबतीत पण व्हायला हवं. त्या मावशी कंत्राटी आहेत का? असतील तर आजारपणात पगार मिळतो का ते बहिणीला आत्ताच विचारायला सांगा, कारण पगार कापला जाणार असेल तर अंगात ताप असला तरी बाई कामावर येते.