नकाशात लाल दिसलं म्हणून युरिया टाकू नका

प्रश्न : सहा वर्षं पडीक असलेलं दोन एकर रान यंदा वाहितीखाली आणायचं आहे. मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात निम्मं हिरवं, निम्मं लाल दिसतं. विक्रेता म्हणतो, लाल भागात नत्र कमी आहे, युरिया दुप्पट टाका. टाकू का?

उत्तर : अजिबात नाही.

तो रंग नत्राचा नाही. पानं लाल प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश परतवतात. त्या फरकावरून एनडीव्हीआय हा हिरवळीचा निर्देशांक काढतात. दाट पाला असेल तिथे हिरवा. उघडी माती किंवा वाळलेलं गवत असेल तिथे लाल. पाला पिकाचा की तणाचा, हे त्यावरून कळत नाही. असंच गर्द हिरवं दिसणारं एक रान पाहायला गेलो, तर कंबरेएवढं गाजर गवत आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याची बाभळीची रोपं. त्याच नकाशावर तिथल्या विक्रेत्याने ‘जमीन कसदार आहे’ म्हणून महागडं बियाणं गळ्यात मारलं होतं.

एका तारखेचं चित्र बघून काहीही ठरवू नका. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं साधारण दर 5 दिवसांनी मिळतात, फुकट. मागच्या सगळ्या वर्षांचा एनडीव्हीआयचा आलेख बघा. कसलेल्या रानात रेघ नांगरटीला तळाला जाते, पेरणीनंतर झपाट्याने चढते, काढणीला कोसळते. पडीक रानात ती पावसाबरोबर सावकाश चढते, सावकाश उतरते. एखादं वर्ष तसं गेलं म्हणजे रान पडीक झालं असं नाही, विसावा दिलेला असू शकतो. पावसाळ्यात ढगांची सावलीही फसवते. तेव्हा ढगांआडूनही बघणारं सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार कामी येतं.

आणखी एक. सेंटिनेल-2 च्या चित्रातला एक चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. बांधालगतच्या चौकोनात बांधावरच्या झाडाचा पालाही मोजला जातो. ते चौकोन सोडून द्या.

नकाशाचा खरा उपयोग माती कुठून उचलायची हे ठरवायला. लाल आणि हिरव्या भागाचे नमुने वेगळे घ्या. प्रत्येकी 8-10 ठिकाणची माती, 15-20 सेंमी खोलीपर्यंतची, आणि खत टाकण्याआधी. लाल भागात मुरूम वर आलेला असेल, क्षार असतील, पाणी साचत असेल. युरियाने यातलं काहीही सुटत नाही, उलट तण फोफावतं. पुन्हा सांगतो, माती तपासल्याशिवाय पोतं फोडू नका.

तणनाशकाचंही तेच. ‘जुनं तण आहे, डोस वाढवा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुकलेलं, धुळीने माखलेलं पान औषध घेत नाही, मात्रा कितीही वाढवा. कोवळी फूट येऊ द्या, मग लेबलवरच्या मात्रेतच फवारा.

सरकारी योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर नांगरट आणि पेरणीचे तारखेसह फोटो ठेवा. उपग्रहाने रान पडीक दाखवलं तर ते पुरावा म्हणून दाखवता येतात.

पहिल्याच हंगामात नगदी पिकामागे लागू नका. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, सगळ्या दोन एकरांवर. फुलोरा दिसू लागला की मातीत गाडून टाका. बियाण्याच्या लोभाने थांबलात तर खोड लाकडासारखं होतं, कुजायला वेळ लागतो आणि पुढच्या पिकाचं नत्र कुजण्यातच अडकतं.