वाचकांचे प्रश्न : ओपन चिलरसाठी कोणती कंट्रोल यंत्रणा घ्यावी?

प्रश्न : चिपळूण येथे आमचे मध्यम आकाराचे सुपरमार्केट आहे. दूध, दही आणि भाजीचे सहा ओपन चिलर (पुढून उघडी थंड कपाटे) तीन कंप्रेसरच्या एका पॅकवर (संचावर) चालतात; आइस्क्रीमचे फ्रीझर स्वतंत्र आहेत. जुने थर्मोस्टॅट बदलण्यासाठी तीन दरपत्रके आली आहेत. पहिल्यात डिक्सेलचे एक्सआर मालिकेतील साधे कंट्रोलर आहेत आणि सध्याचे यांत्रिक एक्सपान्शन व्हॉल्व्ह (थंड करणाऱ्या नळ्यांत किती शीतक, म्हणजे गारवा आणणारे द्रव्य, सोडायचे ते ठरवणाऱ्या झडपा) तसेच राहणार आहेत. दुसऱ्यात कॅरेलचे एमपीएक्सप्रो आणि स्टेपर मोटरचे इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, तर तिसऱ्यात डॅनफॉसचे एके-सीसी ५५०, त्यांचे पल्स व्हॉल्व्ह आणि देखरेखीसाठी सिस्टिम मॅनेजर आहे. दरांत बराच फरक आहे. निवड कशी करावी?

उत्तर : तिन्ही उत्पादने या व्यवसायात नावाजलेली आहेत आणि ठरवलेले तापमान राखण्याचे मूळ काम तिन्ही नीट करतील. माहितीपत्रकांतील वैशिष्ट्यांच्या याद्या शेजारी ठेवून फारसे काही हाती लागणार नाही. कोकणात पावसाळ्यात हवा दमट असते आणि वीज वारंवार जाते-येते. म्हणून वीज गेल्यावर आणि परत आल्यावर तुमची यंत्रणा नेमके काय करते, हा प्रश्न तिन्ही पुरवठादारांना आधी विचारावा.

प्रथम डीफ्रॉस्टचे पाहू. दमट हवेमुळे ओपन चिलरच्या कॉइलवर (थंड करणाऱ्या नळ्यांवर) हिम लवकर साचते आणि ते दर काही तासांनी वितळवावे लागते. घड्याळ नसलेला साधा कंट्रोलर हे तास स्वतः मोजतो आणि वीज गेली की ती मोजणी सहसा पुन्हा शून्यापासून सुरू होते. सहा तासांचे अंतर लावले आहे आणि वीज दर चार-पाच तासांनी जाते, अशा दिवशी डीफ्रॉस्ट होतच नाही. संध्याकाळपर्यंत कॉइल बर्फाने बंद होते आणि पंखे चालू असूनही कपाट थंड होत नाही. यावर उपाय म्हणून वीज येताच डीफ्रॉस्ट सुरू करण्याचा पर्याय काही कंट्रोलरमध्ये असतो, पण तो आपल्याकडे अधिक घातक ठरतो, कारण वीज नसताना आधीच तापलेल्या दुधाला आणखी अर्धा तास गारवा मिळत नाही आणि सहाही चिलर एकाच वेळी डीफ्रॉस्टमध्ये जाऊन नंतर एकाच वेळी पॅकवर भार टाकतात. त्यामुळे पहिले दरपत्रक स्वीकारायचे झाल्यास घड्याळासह येणारेच मॉडेल घ्यावे आणि सहा चिलरच्या डीफ्रॉस्टच्या वेळा एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरा आणि माझ्या मते निर्णायक फरक व्हॉल्व्हचा आहे. डॅनफॉसचा पल्स व्हॉल्व्ह साधारण सहा सेकंदांच्या आवर्तनात उघडझाप करतो आणि त्यातील किती वेळ उघडा राहायचे, यावरून कॉइलमध्ये जाणाऱ्या शीतकाचे प्रमाण ठरते. वीज गेली की तो आपोआप बंद होतो. स्टेपर मोटरचा व्हॉल्व्ह हळूवार आणि अचूक चालतो, परंतु वीज जाताना तो जेवढा उघडा असेल तेवढाच उघडा राहतो. तेवढ्या वेळात द्रव शीतक कॉइलमध्ये उतरत राहते आणि वीज आल्यावर कंप्रेसर सुरू होताच तो द्रव कंप्रेसरकडे ओढला जाऊन त्याचे नुकसान होण्याची भीती असते. हा धोका टाळण्यासाठी कॅरेलचे अल्ट्राकॅप नावाचे साठवण मॉड्यूल मिळते, जे वीज गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करण्यापुरती ऊर्जा देते. किंवा व्हॉल्व्हच्या आधी सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज गेली की बंद होणारी झडप) बसवता येतो. आपल्या दुसऱ्या दरपत्रकात यांपैकी एक तरी आहे का, हे पाहावे. नसल्यास तो दर अपुरा समजावा आणि ही भर घातल्यावरच तिसऱ्या दराशी तुलना करावी.

पल्स व्हॉल्व्हलाही एक मर्यादा आहे. एकच लहान कंप्रेसर असलेल्या यंत्रणेत त्याच्या उघडझापीमुळे सक्शनचा (कंप्रेसर शीतक ओढून घेतो त्या बाजूचा) दाब वरखाली होत राहतो. आपल्याकडे सहा कपाटे एका पॅकवर असल्याने हे धक्के बरेचसे एकमेकांत विरून जातील.

वीजबिलातील बचत मुख्यतः सक्शनचा दाब गरजेनुसार वर नेण्यातून होते. हा दाब वर नेला की कॉइलमधील शीतकाच्या बाष्पीभवनाचे तापमानही वाढते; ते एक अंशाने वाढवता आले, तर कंप्रेसरच्या विजेत ढोबळमानाने दोन ते तीन टक्के बचत होते. त्यासाठी सर्वांत जास्त भार असलेला चिलर कोणता, हे पॅकच्या कंट्रोलरला सतत कळावे लागते. तिन्ही यंत्रणा मोडबसवर (यंत्रांनी एकमेकांना माहिती देण्याच्या सामाईक पद्धतीने) बोलू शकत असल्या, तरी केवळ तेवढ्याने हा समन्वय साधत नाही. पॅक एका कंपनीचा आणि चिलर दुसऱ्या कंपनीचे असतील, तर तो कोण आणि कसा बसवणार, हे करारात लिहून घ्यावे.

माझा कौल तिसऱ्या दरपत्रकाकडे आहे. आइस्क्रीमच्या फ्रीझरना मात्र साधे कंट्रोलर पुरेसे आहेत. तेथे महाग यंत्रणेवर खर्च करू नये. एक अट मी मनापासून सुचवतो : काम पूर्ण होताच सर्व सेटिंग्जची छापील यादी आणि सर्व स्तरांचे पासवर्ड आपल्या ताब्यात घ्यावेत. पुरवठादाराचा माणूस पुण्याहून येईपर्यंत पनीर थांबत नाही.

प्रश्न : मडगावच्या आमच्या दुकानातील चिलरचा डिस्प्ले २ अंश दाखवतो, पण पुढच्या फळीवर ठेवलेला थर्मामीटर ८ अंश दाखवतो. कंट्रोलर बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आपला सेन्सर कॉइलमधून बाहेर पडणारी हवा मोजत असावा, आणि ती हवा मालापर्यंत पोहोचेपर्यंत तापते. अनेक कंट्रोलर बाहेर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेसाठी दोन सेन्सर घेतात आणि डिस्प्लेवर त्यांपैकी कोणता किती टक्के धरायचा, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. ते प्रमाण तपासून घ्यावे. त्याआधी सेन्सरची परीक्षा करावी. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून त्यात सेन्सर काही मिनिटे बुडवून ठेवावा. वाचन शून्य अंशावर स्थिरावले पाहिजे. आपला थर्मामीटरही त्याच थर्मासमध्ये तपासावा. दोन्ही बरोबर निघाल्यास पुढच्या फळीवरील ८ अंश हेच खरे तापमान आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार थंड ठेवायचा माल ५ अंश किंवा त्याखाली असला पाहिजे, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्या फळीवर दुग्धजन्य पदार्थ ठेवू नयेत. फळीवरचा माल हवेच्या जाळीपुढे आला असेल, तर तो आधी मागे सरकवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच दोन-तीन अंश खाली येतात.