घरगुती उद्योग : ऑर्डर किती घ्यायची आणि ‘नाही’ कधी म्हणायचं

प्रश्न : उन्हाळ्यात मी पापड, कुरडया, बिबडे करून देते. शेजारच्या दोघी मदतीला असतात. मार्चमध्ये येईल त्याला ‘हो’ म्हणते आणि एप्रिलमध्ये रात्री जागून लाटत बसावं लागतं. तरीही तारखा चुकतातच. कामाला शिस्त कशी लावू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, पहाटे चारला उठलात तरी हे सुटणार नाही. घोळ लाटताना होत नाही, ऑर्डर घेताना होतो. रोज किती माल निघतो हा आकडा हाताशी नसेल, तर कुठे थांबायचं हे कळणार कसं?

घड्याळ लावून एक तास लाटून बघा. समजा, सहा इंची उडदाचे पापड ताशी ४० झाले. वाळल्यावर एक पापड १० ग्रॅमचा भरला तर किलोला १०० बसतात, म्हणजे एका किलोमागे एकीचे अडीच तास गेले. तिघींनी रोज चार तास नुसतं लाटलं तर ४८० पापड, पावणेपाच किलोच्या थोडं वर. पीठ कुटणं, लाट्या कापणं, पापड उलथणं या वेळात धरलेलं नाही.

आता गच्ची मोजा. सहा बाय पाच फुटांच्या कापडावर हे पापड शंभराच्या आसपास मावतात. ४८० पापडांना अशी पाच कापडं लागतील. जागा तीन कापडांचीच असेल तर हात कितीही चालोत, दिवसाचे तीनच किलो. सकाळची खेप दुपारी उचलून दुसरी टाकता येते, पण मग एकजण लाटण्यावरून उठते. तेही हिशेबात घ्या. शिवाय आपल्याकडच्या ४२-४४ अंशांच्या उन्हात उडदाचा पापड थेट टाकला की कडा वळतात आणि पिशवीत भरताना तुकडे पडतात. आधी सावलीत वाऱ्यावर सुकवा, शेवटी थोडं ऊन दाखवा.

कुरडयांचं गणित वेगळं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी काढून चीक शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन. म्हणजे आज ऑर्डर आली तर माल हातात यायला आठ दिवस. तुम्ही गिऱ्हाइकाला दहा सांगा. ते दोन दिवस अवकाळीसाठी आहेत. एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं की अर्धवट सुकलेल्या कुरडया आंबूस होतात आणि त्या उन्हात टाकून पुन्हा सुधारत नाहीत. गहू भिजत घालून बसल्यावर ‘आणखी दोन किलो वाढवा’ असा फोन आला तर ती नवी ऑर्डर समजा, तारीखही नवीच द्या.

मोजून आलेल्या आकड्याच्या ८० टक्केच ऑर्डर घ्या. उरलेलं फुटतुटीला, पाहुण्यांना आणि मदतनीस आजारी पडली तर. आठवड्यातले पाच दिवस माल, सहावा दिवस वजन-पॅकिंग आणि वहीचा, सातवा घराचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात घेतलेले किलो लिहीत जा. चौकोन भरला की त्या दिवसाची ऑर्डर बंद. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तर देण्याची तारीखच ठेवू नका. मदतीला येणाऱ्या माहेरी जातात आणि तुमच्या घरी लेकी आलेल्या असतात. रुखवताच्या ऑर्डरी त्या आठवड्याआधी किंवा नंतर बसवा.

प्रश्न : नातेवाईक माल नेतात, पैसे ‘देऊ सावकाश’ म्हणतात. मागितले तर ‘आपलं घरनंच शे ना’ असं ऐकावं लागतं. संबंध न बिघडवता काय करावं?
— एक वाचक, धुळे

उत्तर : तोंडी सांगत बसलात तर प्रत्येक वेळी वाद तुमच्याच अंगावर येईल. दरपत्रक छापून दाराशी लावा, व्हॉट्सॲपवरही ठेवा, आणि त्याच कागदावर लिहा : अर्धे पैसे ऑर्डरसोबत, उरलेले माल नेताना. कागदाला नातं नसतं. आत्याबाईंना सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण आकडा आधी ठरवा, किलोमागे २० रुपये म्हणा, आणि ती वहीत खर्च म्हणून मांडा. वर्षअखेरीला माया किती रुपयांची झाली ते तरी दिसेल.

दर काढतानाच बहुतेक ठिकाणी गफलत झालेली असते. डाळ, पापडखार, हिंग, मिरी, पिशवी धरली जाते, आपले तास नाहीत. वरच्या हिशेबाने किलोभर पापडाला नुसतं लाटायलाच अडीच तास लागतात. तासाला ५० रुपये मजुरी धरली तरी १२५ रुपये झाले. ते दरात नसतील तर उधारी वसूल होऊनही धंदा तोट्यातच राहतो. धंद्याचं बँक खातं आणि क्यूआर कोड वेगळा ठेवा, आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्यातून स्वतःचा पगार घरखात्यात घ्या. किराणा त्या पगारातून.

प्रश्न : घरीच ब्लाउज शिवते. बायका कधीही येतात, मशीन सोडून उठावं लागतं. त्यात वीज जाते. लगीनसराईत फार ओढाताण होते.
— एक वाचक, शहादा

उत्तर : कापड घेण्या-देण्याची वेळ एकच ठेवा, उदाहरणार्थ संध्याकाळी ५ ते ७, आणि तशी पाटी दाराला लावा. इतर वेळी आलेल्या बाईंना पाणी द्या, पण माप घेऊ नका. एकदा घेतलंत की ती पाटी फुकट.

काम ब्लाउजनिशी नको, टप्प्यानिशी करा. अस्तर आदल्या दिवशी भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवा. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. सकाळी सगळी कटिंग एकदम. मग दोऱ्याच्या रंगाप्रमाणे गठ्ठे लावा, म्हणजे लाल दोरा ओवला की लाल-मरूनचे सगळे ब्लाउज शिवूनच तो निघेल. हूक, काज, तुरपाई हे हातकाम वीज नसतानाच्या वेळेसाठी राखून ठेवा.

प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी टाचा : नाव, मापाच्या वहीतलं पान, गळ्याची आकृती, दिलेलं कापड, आगाऊ रक्कम, ट्रायलची तारीख. गळ्याची आकृती गिऱ्हाइकासमोर काढून त्यावर त्यांची सही घ्या. ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ हा वाद बहुधा गळ्यावरूनच होतो. ट्रायल लग्नाच्या किमान चार दिवस आधी, आणि बगलेपासून कमरेपर्यंत आत इंचभर कापड सोडलेलं असू द्या.

प्रश्न : पापडाच्या पाकिटावर काय छापावं? उद्यम नोंदणी आहे, ती पुरेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : पुरणार नाही. उद्यम ही उद्योगाची मोफत नोंदणी. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी लागते, तिचा अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर भरतात. पाकिटावर एवढं तरी हवंच : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवं शाकाहारी चिन्ह आणि नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक. कुरडयांवर गहू असल्याचं ठळक लिहा. बॅच क्रमांक म्हणून लाटल्याची तारीख चालते. एखाद्या पाकिटाची तक्रार आली की त्या दिवशीचं पीठ कोणतं होतं ते वहीतून लगेच सापडतं.